महाविद्यालयाबाहेरचा तास: सामुदायिक सहभाग प्रकल्पाबद्दल विद्यार्थ्यांना काय वाटते

पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या वेळापत्रकात आता एक असा विषय दिसतो, ज्याला पाठ्यपुस्तक नाही, ज्याचा बहुतेक वेळ वर्गाबाहेर जातो आणि ज्याची तीन तासांची लेखी परीक्षा होत नाही. कागदोपत्री त्याचे नाव ‘सामुदायिक सहभाग प्रकल्प’ असे आहे. मुले त्याला सरळ ‘सीईपी’ म्हणतात, म्हणजे ‘कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्ट’ची आद्याक्षरे. हा कोणता विषय, असे घरी कोणी विचारले की मुलांना पहिले काही आठवडे धड उत्तर देता येत नाही, आणि पुष्कळदा आम्हा शिक्षकांनाही ते देता येत नाही. मी तालुक्याच्या गावी असलेल्या एका महाविद्यालयात शिकवते. पूर्वी तीन वर्षे राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी होते आणि आता या प्रकल्पांची मार्गदर्शक म्हणून मुलांच्या नोंदवह्या वाचते. त्या वह्यांत मुले बऱ्याच मोकळेपणाने लिहितात. त्यांतले समाधान आणि तक्रारी दोन्ही नीट समजायच्या असतील, तर हा विषय आला कुठून आणि त्यात अपेक्षा काय आहे, हे आधी पाहावे लागते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीचा साचा बदलला. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये नव्या पदवीचा आराखडा प्रसिद्ध केला आणि २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्राने आपली रचना ठरवली. स्वायत्त महाविद्यालयांत ती २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. या रचनेत मुख्य विषयाच्या जोडीला वर्गाबाहेरचे तीन प्रकार आले: क्षेत्र प्रकल्प, सामुदायिक सहभाग प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण. सर्वसाधारणपणे तिसऱ्या सत्रात दोन क्रेडिटचा (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे वजन मोजण्याचे एकक) क्षेत्र प्रकल्प, चौथ्या सत्रात दोन क्रेडिटचा सामुदायिक सहभाग प्रकल्प, पाचव्या सत्रात या दोहोंपैकी एक आणि सहाव्या सत्रात चार क्रेडिटचे कार्यप्रशिक्षण अशी मांडणी असते. विद्यापीठागणिक तपशिलात थोडा फरक पडतो.

मुलांचा पहिला गोंधळ इथेच होतो, कारण तिन्हींमध्ये बाहेर जायचे असते आणि तिन्हींचा अहवाल लिहायचा असतो. वनस्पतिशास्त्राचे उदाहरण घेतले की फरक लवकर कळतो. गावामागच्या टेकडीवर कोणत्या जातीची किती झाडे आहेत, याची शास्त्रशुद्ध मोजणी करणे हा क्षेत्र प्रकल्प झाला. तिथे प्रश्न विद्यार्थ्याचा असतो आणि उत्तरही त्याच्याच विषयाच्या कामी येते. एखाद्या रोपवाटिकेत जाऊन कलमे बांधायला, रोपे सांभाळायला शिकणे हे कार्यप्रशिक्षण. आणि टेकडीवरचा चारा, सरपण व औषधी पाला कोण आणते, त्यातले काय कमी होत चालले आहे, हे गावातल्या माणसांबरोबर बसून समजून घेणे, त्यांच्याशी बोलूनच त्याचा नकाशा तयार करणे आणि तो त्यांच्या हाती सोपवणे हा सामुदायिक सहभाग प्रकल्प. यात प्रश्न दोघांचा असतो. विद्यार्थी गावाला काही देतो आणि गाव विद्यार्थ्याला काही शिकवते, अशी दुहेरी देवाणघेवाण त्यात गृहीत धरलेली आहे.

ही देवाणघेवाण आयोगाच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलेली आहे. उच्च शिक्षणसंस्थांच्या सामाजिक उत्तरदायित्वाविषयी आयोगाने २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत दोन क्रेडिटचा ३० तासांचा अभ्यासक्रम सुचवला होता आणि त्यातला निम्मा वेळ तरी क्षेत्रात जावा, असे म्हटले होते. ग्रामीण समाज, स्थानिक अर्थव्यवस्था व उपजीविका, स्थानिक संस्था आणि विकासाच्या योजना असे त्याचे चार भाग होते. पुढे डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात क्षेत्रकार्य आणि सामुदायिक सहभाग यांच्या एका क्रेडिटसाठी सत्रभरात ३० तास धरले गेले, म्हणजे दोन क्रेडिटना ६० तास. वर्गातल्या व्याख्यानांच्या एका क्रेडिटला १५ तास लागतात. तेव्हा इतके कमी क्रेडिट आणि इतका जास्त वेळ का, हा मुलांचा नेहमीचा प्रश्न अगदीच निराधार म्हणता येत नाही. १५ आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला चार तास हा हिशेब कागदावर सोपा दिसतो. त्यात एसटीची वाट पाहण्याचा वेळ मोजलेला नसतो.

शिक्षणाला भोवतालच्या जगण्याशी जोडण्याचा हा विचार आपल्याकडे आजचा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हाताच्या कामाभोवती शाळेचे सारे शिक्षण गुंफण्याची कल्पना मांडली आणि पुढे ती ‘नई तालीम’ म्हणून ओळखली गेली. महाविद्यालयीन मुलांच्या बाबतीत मात्र खरा वाद सक्तीचा होता. १९५९ साली चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखालील समितीने, माध्यमिक शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ पाहणाऱ्या मुलांना नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा सक्तीची करावी, अशी शिफारस केली होती. ती अमलात आली नाही. त्यानंतर शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतील योजनांचा अभ्यास करून सेवा ऐच्छिक ठेवावी, असे सुचवले. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, ती ऐच्छिकच. दोन वर्षांत २४० तासांचे नियमित काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर हा तिचा ढाचा महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना ओळखीचा आहे. गावात राहून शोषखड्डे खणलेली, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारे घातलेली आणि रात्री देवळासमोर पथनाट्य केलेली माणसे आज चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि ती शिबिरे त्यांच्या आठवणीत पक्की आहेत.

नव्या प्रकल्पाने ऐच्छिक आणि सक्तीचे यांतला तो जुना तिढा पुन्हा उघडला आहे, आणि मुलांचे मत त्यावर दुभंगलेले आहे. ज्यांनी आधी स्वखुशीने शिबिरे केली आहेत, त्यांना वाटते की गुण जोडले की कामाचा रंग उतरतो. चारजण मनापासून राबतात आणि बाकीचे हजेरीपुरते उभे राहतात. याउलट काही मुले नोंदवहीच्या शेवटी प्रांजळपणे लिहितात की हा विषय सक्तीचा नसता तर आपण त्या वस्तीत कधी पाऊल टाकले नसते. या दुसऱ्या गटात अबोल, लाजाळू मुले बरीच असतात. शिबिरासाठी नाव नोंदवण्याचे धाडस ज्यांना होत नाही, त्यांच्यासाठी वेळापत्रकातला तास हीच एक सोय ठरते. म्हणून केवळ सक्ती आहे एवढ्यावरून या विषयाला नाकारणे मला पटत नाही. सक्तीने माणूस दारापर्यंत पोहोचतो. पुढे काय होते ते दारातल्या माणसाला आपल्या येण्याची गरज होती का, यावर अवलंबून राहते. मुलांच्या वह्यांतली जवळजवळ प्रत्येक तक्रार आणि जवळजवळ प्रत्येक आनंद मला शेवटी या एकाच प्रश्नाशी येऊन थांबताना दिसतो.

आता एक मत जरा सविस्तर सांगते, कारण ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. हे प्रकल्प आखताना मनात जो विद्यार्थी असतो, तो बहुधा शहरातला असतो. त्याला गाव दाखवायचे असते. पण तालुक्याच्या महाविद्यालयात बसलेली बहुसंख्य मुले गावातूनच येतात. सकाळी गुरांचे वैरणपाणी करून, डबा घेऊन, पहिल्या गाडीने ती कॉलेजला पोहोचतात. त्यांना ‘ग्रामीण समाजाची ओळख’ या मथळ्याखाली त्यांचेच घर दाखवले जाते. एका मुलीने वहीत विचारले होते की प्रश्नावलीत ‘घरात शौचालय आहे का, चूल की गॅस, जमीन किती’ असे जे प्रश्न आहेत, ते आपण आपल्याच आईला विचारायचे का. या प्रश्नात तिचा अपमान दडलेला होता आणि तो आम्ही नकळत केला होता.

अशा मुलांच्या वाट्याला हा विषय वेगळ्या रीतीने यायला हवा. ज्याला गाव ठाऊक आहे, त्याला गावाची माहिती गोळा करायला लावणे व्यर्थ आहे. त्याला त्या माहितीचा अर्थ लावायला शिकवावे. गावात नळाला दिवसाआड पाणी येते हे त्याला जन्मापासून माहीत असते. टाकीची क्षमता किती, पंप किती तास चालतो, वीज कधी असते, टीसीएल (पाणी शुद्ध करण्याची ब्लीचिंग) पावडर टाकल्यावर शेवटच्या नळाला क्लोरीन उरते का, दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावे असे पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक का सांगते, हे त्याला माहीत नसते. रसायनशास्त्राचा विद्यार्थी हे शिकला आणि जलसुरक्षकाबरोबर, म्हणजे गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्या माणसाबरोबर, चार नळांवर ओटी चाचणी (पाण्यात उरलेले क्लोरीन तपासण्याची चाचणी) घेऊन आला, की तेच गाव त्याला नव्याने दिसते. ही मुले मग फार चांगले काम करतात, कारण कोणत्या वस्तीला पाणी शेवटी पोहोचते आणि ते कोणी बोलून दाखवत नाही, हे त्यांना न विचारताच कळलेले असते.

आणि याच मुलांना काही दारे बंदही असतात. अनोळखी गावात पहिला प्रश्न आडनावाचा येतो आणि त्यानंतर पाणी देणाऱ्याचा हात कसा बदलतो, हे काही मुलांनी लिहिले आहे. सर्वेक्षणाची यादी गावठाणापुरतीच करून परत येणारे गट असतात; गावाबाहेरची वस्ती, पारध्यांची पाले, ऊसतोड्यांच्या कोप्या यादीत येतच नाहीत. मुलांना हे दिसते. त्याबद्दल बोलायची जागा प्रकल्पाच्या नमुना अहवालात नसते, म्हणून ते वहीच्या मागच्या पानावर लिहिले जाते. मार्गदर्शक शिक्षकाने ही पाने अहवालापेक्षा आधी वाचावीत, असे मला मनापासून वाटते.

आपल्या विषयाशी या कामाचा संबंध काय, हा वाणिज्य आणि विज्ञानाच्या मुलांचा ठरलेला आक्षेप. स्वच्छता मोहीम, वृक्षारोपण, जनजागृती फेरी ही कामे चांगलीच. पण तृतीय वर्षाकडे निघालेल्या वाणिज्याच्या विद्यार्थ्याला झाडू मारताना आपले शिक्षण कुठे वापरले जाते हे कळत नाही. इथे मी एका गटाचा हिशेब मांडते, कारण विषय आणि गाव एकमेकांना कसे भेटतात ते त्यात स्वच्छ दिसते. या मुली एका महिला बचत गटाची वही पाहायला गेल्या होत्या. गट आपल्या सभासदांना शेकडा दोन रुपये महिना या दराने कर्ज देत होता. वर्षाला २४ टक्के व्याज ऐकून मुलींना धक्का बसला, कारण त्याच गल्लीत कर्ज द्यायला येणारी एक वित्तसंस्था वर्षाला १२ टक्के दर सांगत होती. महिलांनी गटाचे कर्ज सोडून तिकडे वळावे, असा सल्ला देऊन मुली परतल्या.

वर्गात आम्ही तो हिशेब फळ्यावर मांडला. १०,००० रुपयांचे कर्ज, १२ महिन्यांची मुदत. बचत गटात दर महिन्याला मुद्दलाचा बारावा हिस्सा परत होतो आणि व्याज फक्त उरलेल्या रकमेवर लागते. पहिल्या महिन्यात १०,००० वर २०० रुपये, दुसऱ्या महिन्यात सुमारे ९,१६७ वर १८३ रुपये, असे उतरत उतरत शेवटच्या महिन्यात जेमतेम १७ रुपये. वर्षाचे एकूण व्याज १,३०० रुपये. वित्तसंस्था मात्र सपाट दराने व्याज लावत होती. म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी व्याज पूर्ण १०,००० वरच मोजले जाते. त्याचे १२ टक्के म्हणजे १,२०० रुपये. ऐकताना जे दर एकमेकांच्या दुप्पट वाटत होते, त्यांत प्रत्यक्ष फरक निघाला वर्षाला १०० रुपयांचा. उतरत्या रकमेवर मोजले तर तो ‘१२ टक्के’ दर २१ टक्क्यांच्याही पुढे जातो. शिवाय बचत गटाचे व्याज गटाच्याच खात्यात जमा होते आणि पुढे सभासदांतच वाटले जाते. मुली पुढच्या आठवड्यात पुन्हा गेल्या आणि आपला सल्ला चुकला होता हे त्यांनी महिलांना सांगितले. गटाच्या अध्यक्षबाईंनी शांतपणे सांगितले की दर कमी-जास्त असण्यापेक्षा पैसा घरात राहतो की बाहेर जातो, एवढेच त्या पाहत आल्या आहेत. उतरत्या शिलकीवरचे व्याज या मुलींनी पहिल्या वर्षीच शिकले होते आणि त्यावर गुणही मिळवले होते. ते त्यांना समजले मात्र त्या ओसरीवर. वर्गाला गावाशी जोडण्याचा फायदा काय, असे मला कोणी विचारले तर मी हाच हिशेब पुढे करते.

असा प्रसंग दर गटाच्या वाट्याला येत नाही, आणि त्याचे एक मोठे कारण पंचांग आहे. महाविद्यालयाचे सत्र आणि गावाचे वर्ष यांचा मेळ बसत नाही. चौथे सत्र हिवाळ्यात सुरू होते आणि एप्रिलच्या सुमारास परीक्षेला टेकते. बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला बाहेर पडलेली कुटुंबे मार्च-एप्रिलला परततात. जानेवारीत कुटुंब सर्वेक्षणाला गेलेल्या मुलांना दारात म्हातारी माणसे आणि लहान मुले भेटतात आणि अहवालात स्थलांतराचा रकाना कोरा राहतो, कारण त्याचे उत्तर देणारा माणूस कारखान्याच्या फडावर असतो. पाण्याची खरी ओढ एप्रिल-मेमध्ये लागते, तेव्हा मुले परीक्षेच्या हॉलमध्ये असतात. ग्रामसभांचेही तसेच. महाराष्ट्रात ग्रामसभा प्रथेने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरतात. ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते आणि पुढच्या काही महिन्यांत कोणत्या कामाला पैसा द्यायचा हे ठरत जाते. म्हणजे मुलांनी जमवलेली माहिती गावाच्या खरोखर कामी यायची असेल, तर ती दिवाळीपूर्वी तयार हवी. आणि आमचा प्रकल्प सुरू होतो दिवाळीनंतर.

यावर काही मुलांनीच उपाय सुचवला आहे आणि तो मला अतिशय शहाणा वाटतो. तिसऱ्या सत्राचा क्षेत्र प्रकल्प, चौथ्या सत्राचा सामुदायिक सहभाग प्रकल्प आणि पाचव्या सत्राचा जो काही प्रकल्प असेल तो, हे तिन्ही एकाच गावात करायचे. प्रत्येकी दोन क्रेडिट धरले तर सहा क्रेडिट होतात आणि एका गावाला १८० तास मिळतात. पावसाळ्यात विषयाचे मोजमाप करायचे, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत नुसते बसून ऐकायचे, २ ऑक्टोबरला प्राथमिक माहिती मांडायची, हिवाळ्यात लोकांबरोबर काम करायचे, २६ जानेवारीला ते वाचून दाखवायचे आणि पुढच्या पावसाळ्यात त्याचे काय झाले ते पाहायला परत जायचे. यासाठी कोणताही नवा नियम लागत नाही. आहे त्या रचनेत हे बसते. लागते ती एवढीच गोष्ट, की शिक्षक आणि गाव दोन्ही सत्रागणिक बदलू नयेत.

गाव बदलत राहिल्याचे परिणाम मुलांना सोसावे लागतात. रस्त्याच्या कडेचे, कॉलेजपासून जवळचे गाव सगळ्यांनाच सोयीचे असते. म्हणून त्याच गावात दर वर्षी नवा गट नवी प्रश्नावली घेऊन जातो. मागच्या वर्षी लिहून नेले त्याचे काय झाले, हा प्रश्न गावकरी विचारतात तेव्हा विद्यार्थ्याजवळ उत्तर नसते, कारण मागच्या वर्षी तो अकरावी-बारावीतून नुकताच बाहेर पडलेला असतो. त्या क्षणी वाटलेली शरम कित्येक वह्यांत उतरली आहे. अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांच्या कामात दर थोड्या दिवसांनी एक गट येऊन तास-दीड तास घेतो, याचीही मुलांना जाणीव होते. ती मुले मग घरोघर जाऊन विचारायचे टाळतात आणि तक्ते अंदाजाने भरतात. हा अप्रामाणिकपणा आहेच; पण त्याचे मूळ आळसात शोधण्यापेक्षा त्या शरमेत शोधावे, असे मला वाटते.

प्रवास, पैसा आणि घरची परवानगी यांबद्दल थोडक्यात सांगते. विद्यार्थ्यांचा एसटीचा पास घर ते महाविद्यालय एवढ्याच मार्गाचा असतो. प्रकल्पाच्या गावाचे तिकीट वेगळे काढावे लागते. मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना एसटीचे तिकीट निम्म्या दरात मिळते, त्यामुळे मुलींचा खर्च हलका झाला. दुपारी दुकानात किंवा गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मुलाला मात्र चार तास गावात घालवणे म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी सोडणे असते. मुलींना संध्याकाळच्या आत घरी पोहोचावे लागते, आणि शेतावर गेलेली गावची माणसे भेटतात नेमकी संध्याकाळी. दुसरीकडे, ज्या घरात मुलगे ओसरीच्या पुढे जाऊ शकत नाहीत, तिथे मुली स्वयंपाकघरापर्यंत जातात आणि खरी माहिती बहुधा तिथेच मिळते. म्हणून गट मिश्र असावेत आणि ६० तासांची विभागणी प्रत्येकाच्या परिस्थितीप्रमाणे करू द्यावी. एखाद्याने रविवारी सकाळी सहा तास दिले, तर ते आठवड्याच्या चार तासांपेक्षा कमी मोलाचे ठरू नयेत.

तांत्रिक शिक्षणाच्या क्षेत्रात याचे चांगले नमुने आपल्याकडे आहेत. मुंबईच्या आयआयटीत ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारे ‘सितारा’ हे केंद्र १९८५ मध्ये सुरू झाले. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात तिथल्या विद्यार्थ्यांनी नळपाणी योजनांवर काम केले आहे. योजना कागदावर पूर्ण असूनही नळ कोरडा का, हा प्रश्न विहीर, पंप, नळाचा व्यास, चढ-उतार, वीजबिल आणि पाणीपट्टी या सगळ्यांतून शोधावा लागतो, आणि असा शोध हाच अभियांत्रिकीचा उत्तम धडा असतो. हीच दिशा धरून २०१६ साली राज्य शासनाने ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ आणले, ज्यात अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आपल्या जिल्ह्यातले प्रश्न विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी घ्यावेत, अशी कल्पना होती. केंद्राच्या २०१४ च्या ‘उन्नत भारत अभियाना’त सहभागी संस्थांनी गावांचा गट दत्तक घ्यायचा असतो. ‘दत्तक’ हा शब्द मला खटकतो, कारण गाव काही पोरके नसते. पण एका गावाशी दीर्घकाळ बांधून घेण्याची त्यामागची कल्पना बरोबर आहे. कला आणि वाणिज्य शाखांना असा आधार कमी मिळाला. त्यांच्या हाती पुष्कळदा वरून आलेला एक छापील नमुना पडतो आणि तो भरला की प्रकल्प झाला, अशी समजूत होते.

गुणदानाविषयी मुले फार कडवटपणे लिहितात, आणि ते मी मनावर घेतले आहे. साधारण ५० गुणांच्या या विषयात अहवालाची बांधणी, सहीशिक्क्याचे प्रमाणपत्र आणि जिओटॅग (ठिकाणाची नोंद) असलेली छायाचित्रे यांना वजन येते. गावात खरोखर सहा वेळा जाऊन थोडक्यात लिहिणारा मुलगा मागे पडतो आणि एकदाच जाऊन वेगवेगळ्या सदऱ्यांत फोटो काढणारा पुढे जातो, हे वर्गातल्या सगळ्यांना माहीत असते. यावर आमच्या विभागात आम्ही दोन साधे बदल केले. पहिला असा, की अहवाल मराठीत लिहायचा आणि त्याची दोन पानी प्रत ग्रामपंचायतीत, शाळेत किंवा गटाकडे ठेवून यायची. इंग्रजीत लिहिलेला अहवाल ज्यांच्याबद्दल आहे त्यांना वाचता येत नसेल, तर त्यात काय चुकले ते सांगणार कोण? दुसरा बदल असा, की तोंडी परीक्षेत ‘तुम्ही गावाला काय दिले’ हा प्रश्न आम्ही सोडून दिला आणि त्याऐवजी ‘तुमची कोणती समजूत चुकीची निघाली, आणि ती कोणामुळे कळली’ असे विचारू लागलो. या प्रश्नाला नेटवरून उतरवलेले उत्तर देता येत नाही. जो गेला नाही, तो गप्प बसतो.

ग्रामपंचायतीत प्रत ठेवण्याचा एक परिणाम आमच्या ध्यानात आला नव्हता. सरपंचांनी एका गटाला परत बोलावून घेतले, कारण त्यांच्या तक्त्यात एका वस्तीची नऊ घरे सुटली होती. मुलांना ते आधी लाजिरवाणे वाटले. पण आपण लिहिलेले कोणीतरी वाचले, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडले होते. त्यांनी त्या नऊ घरांना जाऊन तक्ता पुरा केला, जुनी प्रत काढून नवी ठेवली आणि ही फेरी ६० तासांत धरू नये, असे आपणहून लिहून दिले.

बचत गटाच्या हिशेबाला बसलेल्या मुलींपैकी एकीने पाचव्या सत्रासाठी तेच गाव मागितले आहे. गटातल्या महिला दिवाळीपूर्वी नवी कर्जे देणार आहेत आणि वही तपासायला तिने यावे, असा त्यांचा निरोप आहे. अर्जातल्या विषयाच्या रकान्यात तिने लिहिले आहे: ‘शेकडा दोन आणि वर्षाला बारा, पुढचा हिशेब’.